ऐकलंत का, सात नंबरचे इंदूरला जाऊन आले!

अहो, जरा इकडे या ना कुंपणाशी. राहू दे तो पाइप, जास्वंदीला पुरे झालं पाणी. ऐकलंत का, सात नंबरचे आले इंदूरहून. आले म्हणजे काय, वरात नुसती! पुढे आजी, ताठ मानेनं. मागे दहावीतली लेक, कानात ते इअरफोन. मग वहिनी. आणि सगळ्यात शेवटी रिक्षाचे पैसे चुकते करून भाऊजी, दोन्ही बॅगा एकट्याच्या हातात. मी दारातच होते, दुधाची पिशवी घ्यायला. म्हटलं, "काय भाऊजी, झालं का इंदूर?" तर म्हणाले, "इंदूर कम्प्लीट!" आणि वहिनी माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. ते हसू काही साधं नव्हतं हो. म्हटलं, इथं काहीतरी आहे.

मग काय, दुपारी आजी आल्या विळी परत द्यायला, आणि दोन तास बसल्या. संध्याकाळी पोरगी आली वायफायचा पासवर्ड मागायला, तिनं तिचं सांगितलं. वहिनींनी भाजीवाल्यासमोर उरलंसुरलं सांगितलं. तिघींचं जुळवून सांगते, भाऊजींची बाजू मात्र माझ्याकडे नाही, ते अजून कुणाशी बोलतच नाहीत म्हणे.

तर भाऊजींचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. सोसायटीच्या सत्यनारायणाचा ज्यांनी एक्सेल केला, "तीर्थप्रसाद सात पंचवीस ते सात चाळीस", ते ट्रिपला सोडतात होय? महिनाभर आधीपासून प्लॅन. शुक्रवारी संध्याकाळी बोरिवलीला अवंतिका एक्सप्रेस पकडायची, शनिवारी सकाळी इंदूर, रविवारी संध्याकाळी परत गाडीत, सोमवारी ऑफिस. इथपर्यंत ठीक. पण त्या दोन दिवसांत काय काय कोंबलं होतं ऐका. शनिवारी उज्जैन आणि ओंकारेश्वर. रविवारी मांडू आणि महेश्वर.

आता उज्जैन इंदूरच्या वर, पंचावन्न किलोमीटर. ओंकारेश्वर इंदूरच्या खाली, ऐंशीच्या आसपास. म्हणजे वर जायचं, परत इंदुरात यायचं, आणि तसंच खाली उतरायचं! मी तेव्हाच म्हटलं होतं हो. माझी मावशी इंदूरलाच दिलेली ना, रामबागेत, लहानपणी मे महिना तिथंच जायचा आमचा. म्हटलं, "भाऊजी, पहिल्यांदा जाताय, दोनच दिवस हातात आहेत, गावातच राहा." तर मला काय म्हणावं त्यांनी? "गावात आहे काय? एक राजवाडा, तोही जळका."

जळका! मी आपली गप्प बसले. मावशी असती तर...

जाऊ दे. तर काय सांगत होते, शनिवारी सकाळी उतरले. हॉटेलात सामान टाकलं, आणि खालीच कोपऱ्यावर पोह्यांची गाडी. इंदूरचे पोहे कढईत नसतात तापत, खाली पाणी उकळत असतं, वर पातेल्यात पोहे वाफेवर. त्यामुळे मऊसूत, आणि बारा वाजले तरी सुकत नाहीत. त्यावर शेव, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे असले तर असले, आणि वरून जीरावण मसाला भुरभुरायचा. शेजारी गरम जिलबी. आजींनी पहिला घास घेतला आणि म्हणे तोंड वाकडं केलं. "पोह्यात बडीशेप?" वहिनींना वाटलं, झालं, आता दोन दिवस हेच ऐकायचं. पण आजींनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. मग जिलबीचा तुकडा मोडून पोह्यांबरोबर खाऊन बघितला. आणि प्लेट पुढे करून म्हणाल्या, "अजून एक दे रे बाबा."

इकडे ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. भाऊजी घड्याळ बघताहेत. "आई, चला. आपण वीस मिनिटं लेट आहोत."

आजी काय म्हणाल्या माहितीये? "तू जा. मी २००४ च्या सिंहस्थात क्षिप्रेत न्हाऊन आलेय. महाकालानं मला पाहिलंय, तो काही माझी हजेरी घ्यायला बसला नाही. त्या खेपेला इंदूर फक्त एसटीच्या खिडकीतून दिसलं होतं. आता मी इथंच राहते."

भाऊजींचा चेहरा उतरला असा म्हणे! कारण एक्सेलमध्ये चार सीट. आणि लेक लगेच, "मी आजीबरोबर थांबते, तिला एकटीला कसं सोडायचं?" किती ती माया! अहो, तिला रांगेत उभं राहायचं नव्हतं, दुसरं काय. वहिनींनीही म्हणे तोंड उघडलं होतं, पण त्याआधीच भाऊजींनी गाडीचं दार उघडलं. बसल्या बिचाऱ्या.

आता उज्जैनची गंमत. शनिवार म्हटल्यावर महाकालाला गर्दी ही असणारच. २०२२ साली मंदिराभोवती तो महाकाल लोक परिसर झाल्यापासून तर विचारूच नका, सगळा देश लोटतोय. आणि मंदिरात मोबाइल चालत नाही, जमा करावा लागतो. आणि भाऊजींचं सगळं टाइमटेबल होतं कुठे? मोबाइलमध्ये! म्हणजे एक्सेल लॉकरमध्ये आणि साहेब रांगेत. वहिनी सांगत होत्या, दर पाच मिनिटांनी खिशाला हात लावायचे, मग आठवायचं, मग माझ्याकडे असं बघायचे, जसा काही मीच तो काढून घेतलाय.

दर्शन झालं हो छान. पण बाहेर आले तोवर दुपार कलली होती. शहाण्या माणसानं काय केलं असतं? इंदूरला येऊन झोपला असता. पण नाही. ओंकारेश्वर! खंडवा रोडला तो घाट, त्यात ट्रकांची रांग. पोचेपर्यंत अंधार पडलेला. मोठं सुंदर ठाणं आहे हो ते, नर्मदेत बेट, दोन्ही काठांना घाट, पलीकडे ममलेश्वर. दिवसाउजेडी नावेतून जावं, बेटाची परिक्रमा करावी. आणि रात्री तिथं शयन आरतीनंतर देवापुढे चौपड मांडून ठेवतात, शंकर-पार्वती रात्री येऊन खेळतात म्हणून. महादेवाला खेळायला सवड आहे, आणि आमचे भाऊजी पुलावरून पळताहेत! वहिनी म्हणाल्या, मला नर्मदा दिसलीच नाही, नुसती काळी काळी लागली.

बरं, तिकडे आजींचं काय? ते तर खरं सांगायचंय.

आजी आणि पोरगी निघाल्या रिक्षानं राजवाड्यावर. समोर बागेत अहिल्याबाईंचा पुतळा, त्याला नमस्कार केला. मग तो दरवाजा. सात मजली आहे हो ते, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. तीनदा जळलाय. एकदा १८०१ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यानं इंदूर लुटलं तेव्हा, मग १९०८ मध्ये, आणि शेवटी १९८४ च्या दंगलीत. मावशी सांगायची, त्या रात्री राजवाड्याकडचं आभाळ लाल दिसत होतं. मागचा बराच भाग गेला, पण दर्शनी बाजू तगली, आणि पुढे बरंच काही नव्यानं बांधून काढलं. तर "जळका" म्हणणाऱ्यांनी आधी तिथं मान वर करून उभं राहावं.

पोरगी मात्र हुशार हं. आजी म्हणाल्या, "इथं बसून राज्य केलं बघ अहिल्याबाईंनी." तर म्हणते, "नाही आजी, त्यांची राजधानी महेश्वर. इंदूर राजधानी झालं १८१८ ला, त्या गेल्यानंतर तेवीस वर्षांनी." मोबाइलवर वाचून सांगत होती, पण सांगत तरी होती. आमच्या बंड्याला विचारा, अहिल्याबाई कुठल्या, तर म्हणेल एअरपोर्टच्या. नाव दिलंय ना इंदूरच्या विमानतळाला!

आत मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे, होळकरांचं दैवत. आजींचं कुलदैवत जेजुरीचंच. मग काय, तिथं बसल्याच. "घरापासून इतक्या लांब आले, आणि खंडोबा आधीच येऊन बसलाय," म्हणाल्या. मला सांगतानाही डोळे भरून आले होते हो त्यांचे.

मग तिथून जवळच कृष्णपुरा छत्र्या, नदीकाठी. मग काच मंदिर. तुम्ही पाहिलंय का? सर सेठ हुकुमचंदांनी बांधलेलं जैन मंदिर, भिंती काचेच्या, खांब काचेचे, छत, जमीन, सगळं काचेचं. आणि समोरासमोर आरसे असे लावलेत की एक मूर्ती बघावी तर मागे रांगच रांग. आजी आत शिरल्या तर जिकडे तिकडे आजी! पोरगी म्हणे खुदकन हसली, "बाबांना एक आजी झेपत नाही!" आजींनी तिला तिथंच चापट मारली. म्हणजे असं पोरगी सांगते. आजी म्हणतात, मारली नाही, नुसता हात उगारला.

लतादीदींचं जन्मस्थान बघायचं होतं आजींना. २८ सप्टेंबर १९२९, इंदूरच्या शीख मोहल्ल्यात जन्म त्यांचा. पण तिथं आता कपड्यांचं दुकान आहे. आजी आपल्या फुटपाथवर उभ्या राहिल्या, दुकानाकडे बघून हात जोडले. दुकानदाराला वाटलं, आपल्यालाच. त्यानंही जोडले.

आणि मग, हे महत्त्वाचं आहे बरं का, साडी. मध्य प्रदेश सरकारचं मृगनयनी आहे ना महात्मा गांधी रोडला, तिथं शिरल्या. माहेश्वरी काढायला लावल्या. ती रेशीम आणि सूत मिळून असते, वजनाला हलकी, आणि काठ दोन्ही बाजूंनी सारखे, त्यामुळे उलटी नेसा नाही तर सुलटी. आजींनी एक घेतली, गर्द जांभळी, काठाला हिरवी रेघ. कुणासाठी घेतली हे जरा पुढे सांगते.

दुपारी दोघी हॉटेलवर येऊन झोपल्या. चांगल्या तीन तास. हीच तर खरी युक्ती आहे इंदूरची, माझी मावशीही हेच करायला लावायची आम्हाला. दुपारी झोपायचं, म्हणजे रात्री सराफ्यात जागता येतं.

आता सराफा म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. दिवसा सोन्याचांदीचा बाजार, रात्री आठ-नऊला शटरं ओढली की त्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं. रात्री दोन वाजेपर्यंत. म्हणतात, सराफांनीच बसू दिलं त्यांना आधी, रात्रभर वर्दळ असली की चोराचं भय नाही. आणि घाई करून आठला गेलात तर काही मजा नाही, दहानंतर खरा रंग चढतो. बायका, म्हातारी माणसं, झोपलेली पोरं खांद्यावर टाकून बाप, सगळे. आपल्याकडे दहा वाजता लिफ्टमध्ये कुणी दिसलं तर वॉचमन विचारतो, काय झालं, दवाखाना का?

तर आजी आणि नात सव्वादहाला शिरल्या. आधी भुट्ट्याचा कीस. कोवळी कणसं किसून, तुपात परतून, दुधात शिजवलेली, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू. आजींनी त्याला शंभर मार्क दिले. साबुदाण्याच्या खिचडीला मात्र पास क्लास. ती तिथं आपल्यासारखी तुपाजिऱ्याच्या फोडणीत परतत नाहीत, वाफवलेला साबुदाणा आणि त्यात चिवडा-बिवडा, मसाला ऐनवेळी कालवून देतात. आजी म्हणाल्या, "चव आहे, पण ही खिचडी नव्हे, भेळ आहे उपासाची." मला पटलं हो ते, पण मावशीपुढे कधी बोलायची हिंमत झाली नव्हती.

मग जोशींचा दहीबडा. अहो, काय सांगू! तो बडा द्रोणात, वर घट्ट दही ओतलेलं, आणि माणूस तो द्रोण उडवतो वर, हवेत, आणि अलगद झेलतो, थेंब सांडत नाही. नंतर एकाच चिमटीत मीठ, तिखट, जिरं असे वेगवेगळे मसाले धरायचे आणि एकेक करून सोडायचे, आधी हा, मग तो, एकात एक मिसळू न देता! आजींनी चष्मा वर करून बघितलं. म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी भाजीला फोडणी घालतेय, पण ही चिमूट मला जमायची नाही." आजींच्या तोंडून असं ऐकलंय का कधी? वहिनींच्या आमटीला कधी बरी म्हणाल्या नाहीत त्या.

थंडीचे दिवस म्हणून गराडू होता. तो कंदच असतो एक, तुपा-तेलात तळून वर जीरावण आणि लिंबू. उन्हाळ्यात गेलात तर नाही मिळायचा. मग खोबरा पॅटिस. मग जलेबा. जिलबी नव्हे, जलेबा, ताटाएवढा एकेक.

आणि इथं, नेमक्या याच वेळी, आपले भाऊजी आणि वहिनी ओंकारेश्वरहून परत आले. रात्रीचा एक वाजत आलेला. कमरा आखडलेल्या, पोटात फक्त वेफर्स. खोलीचं दार उघडलं तर आत कुणी नाही! पलंगावर नुसती ती जांभळी माहेश्वरी उलगडून ठेवलेली.

भाऊजींच्या पायाखालची जमीन सरकली. धावत खाली. रिसेप्शनवरचा पोरगा अर्धवट झोपेत. भाऊजी ओरडताहेत, "मेरी मां किधर है?" आणि तो थंडपणे म्हणतो, "भिया, माताजी तो सराफा गई हैं."

"सराफा? रात के एक बजे? सोना लेने को?"

अहो, खरंच वाटलं त्यांना! वहिनी सांगत होत्या, "मला हसूही येईना आणि रडूही." भाऊजींना वाटलं आई कुणाच्या नादानं सोनं घ्यायला गेली. फोन लावला. मागून हा गलका, भांड्यांचे आवाज. आजी फोनवर काय म्हणाव्यात? "आलात का? या लवकर, जलेबा गरम आहे."

वहिनी तशाच निघाल्या, त्याच गाडीत बसून. भाऊजीही गेले, पण तोंड असं झालेलं, आणि वर ॲसिडिटी. आणि त्यात आणखी एक फजिती. भाऊजी पूर्वी दिल्लीला होते ना ट्रेनिंगला, तिथं शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत. इथं पाटी बघितली "शिकंजी", म्हटलं चला, पोट शांत होईल. मागवली मोठा ग्लास. आणि आलं काय? इंदूरची शिकंजी दुधाची असते हो, आटवलेली, घट्ट, केशर-पिस्ता घातलेली, गोडमिट्ट! पहिला घोट घेतला आणि तसेच बघत राहिले. वेटर विचारतो, "क्या हुआ भिया?" पोरीनं तो ग्लास उचलला आणि संपवून टाकला.

बरं, साडी. वहिनींनी त्या गर्दीतही विचारलंच, "आई, साडी फार छान आहे हो. कुणासाठी?" सरळ मनानं. आणि आजी, जलेब्याचा तुकडा मोडता मोडता, म्हणाल्या, "ठाण्याला द्यायचीय."

ठाण्याला. म्हणजे नणंदेला!

वहिनींचा चेहरा... मी तिथं नव्हते, पण मला दिसला तो. दिवसभर रांगेत कोण उभं राहिलं, घाटात कोण बसलं, महेश्वरला जाऊन माहेश्वरी घेईन म्हणून महिनाभर कोण म्हणत होतं, आणि साडी कुणाला? रविवारी सकाळी भाऊजींनी साडेसहाचा गजर लावलेला, मांडूसाठी. वहिनी उठल्या, गजर बंद केला, पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि म्हणाल्या, "मी येत नाही."

भाऊजी म्हणाले, "गाडीचा ॲडव्हान्स दिलाय."

"मग ॲडव्हान्सबरोबर जा."

आणि गेले हो! एकटे! इंदूर ते मांडू शंभरेक किलोमीटर, एकटे मागच्या सीटवर. जहाज महालासमोर ड्रायव्हरनं फोटो काढलाय त्यांचा, कॉलनीच्या ग्रुपवर टाकलाय बघा, खाली लिहिलंय "हिस्टॉरिकल". मांडू काय एकट्यानं दोन तासांत उरकायची जागा आहे? तिथं पावसाळ्यात जावं, एक मुक्काम करावा, ढग असे महालांत शिरतात. महेश्वर तर राहूनच गेलं. ते खरं बघायला हवं होतं, नर्मदेचा घाट, अहिल्याबाईंचा वाडा, मागांची खटखट. पण तेही दुसऱ्या खेपेला, सावकाश.

इकडे या तिघी मात्र दहाला उठून होळकरांच्या लालबाग महालात. तुकोजीराव दुसऱ्यांनी काम सुरू केलं १८८६ मध्ये, आणि पुरं झालं तिसऱ्यांच्या हातून, १९२१ मध्ये. दरवाजा बकिंगहॅम पॅलेसच्या दरवाजासारखा, विलायतेतून ओतून आणलेला. पण आजींना काय आवडलं सांगू? मुदपाकखाना नदीच्या पलीकडे, आणि ताटं यायची जमिनीखालच्या रस्त्यानं. म्हणाल्या, "म्हणजे फोडणीचा ठसका दिवाणखान्यात येत नसणार." वहिनी म्हणाल्या, "आणि सासूची हाकही." झालं ना! पण आजी हसल्या म्हणे. तिथून जरा निवळलं दोघींचं.

अरे हो, होळकरांच्या घराचं आणखी एक सांगायचं राहिलं. पुढच्या पिढीत यशवंतरावांनी माणिकबाग बांधला, १९३० च्या दशकात, मुथेसियस म्हणून जर्मन आर्किटेक्टकडून. एकदम मॉडर्न, त्या काळी एअरकंडिशन्ड, सगळं फर्निचर युरोपातून. ते सामान पुढे १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात विकलं गेलं. आणि आता त्या महालात काय आहे? सेंट्रल टॅक्सवाल्यांचं ऑफिस! आयुष्यभर टॅक्सची कामं करणारे भाऊजी, आणि इंदुरातली नेमकी ती जागाही त्यांना माहीत नव्हती.

आणि हो, स्वच्छता. २०१७ पासून वर्षानुवर्षं पहिला नंबर आलाय इंदूरचा. आजी जलेब्याचा कागद घेऊन इकडेतिकडे बघत होत्या तर एका लहान पोरानं येऊन सांगितलं, ओला इकडे, सुका तिकडे. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते आणि लोक डबे घेऊन खाली उभेच. तुम्ही सहा नंबरकडे बघू नका आता, ऐकू जाईल त्यांना. पण त्यांच्या गॅलरीतून काल रात्री जी पिशवी पडली ती मी पाहिलीय, एवढंच म्हणते.

तर काय सांगत होते, दुपारी छप्पन दुकान म्हणून खाऊगल्ली आहे, तिथं जेवण झालं, वहिनींनी बाजारात जाऊन स्वतःसाठी साडी घेतली. बिल भाऊजींना अजून दाखवलेलं नाही, तुम्हीही काही बोलू नका. आणि तिघी स्टेशनवर येऊन बसल्या. गाडी लागली. भाऊजी नाहीत. फोन लागत नाही. पोरगी म्हणते, "बाबा एक्सेलमध्ये बसलेत." गाडी हलायला दोनच मिनिटं असताना आले धापा टाकत, केस धुळीनं पांढरे, हातात रिकामी पाण्याची बाटली. कुणी काही बोललं नाही. आजींनी फक्त पिशवीतून द्रोण काढला, त्यात रात्रीचा उरलेला जलेबा, गार झालेला. पुढे केला. त्यांनी खाल्ला म्हणे. सगळा.

आणि तरी सोमवारी मला म्हणतात, "इंदूर कम्प्लीट"! ज्या माणसानं राजवाडा पाहिला नाही, सराफ्यात येऊन शिकंजी टाकली, काच मंदिराचं नावही ऐकलं नाही, त्याचं कसलं इंदूर कम्प्लीट? आजी एकट्याच खरं इंदूर बघून आल्या, माझं तर हेच मत आहे.

बरं, तुमच्या जावयांचं ठरतंय ना फेब्रुवारीत? मग त्यांना नीट सांगा. हॉटेल राजवाड्याच्या जवळपास बघा, सराफा चालत पाच मिनिटांवर असला म्हणजे रात्री रिक्षा शोधायला नको. लालबाग आणि राजवाडा सोमवारी बंद असतात, तेव्हा सुट्टी जोडून घेणार असाल तर ते आधी उरका. रंगपंचमीला मात्र पहिल्यांदाच नका जाऊ. गेर निघते त्या दिवशी राजवाड्यावर, टँकरनं रंग उडवतात, सगळं गाव रस्त्यावर. बघण्यासारखी असते, पण बाकी काही दिसायचं नाही. उज्जैन करायचंच असेल तर त्याला वेगळा दिवस द्या. आणि जीरावण विकत आणू नका म्हणावं, आजींनी मला दोन पाकिटं दिलीत, त्यातलं एक तुम्हाला देते. फक्त वाटी घेऊन पुढच्या दारानं येऊ नका हं, भाऊजी ओट्यावरच बसलेत.